दोन खोल्यांच्या संग्रहालयात काय मांडावं?

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या मंडळींनी विचारलं आहे: वाचनालयाच्या माडीवरच्या दोन खोल्या मोकळ्या झाल्या आहेत आणि तिथे गावच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय करायचं ठरलं आहे. वर्षभरात लोकांनी सव्वाशेच्या वर वस्तू आणून दिल्या. त्यात दोन तलवारी, एक ठासणीची बंदूक, तांब्यापितळेची भांडी, शेतीची अवजारं, एक मोट, घोंगडी, जुने फोटो आणि मोडी कागदांनी भरलेली पत्र्याची पेटी आहे. देवळामागे एक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, पडलेला आहे, तोही उचलून आणावा असं काहींचं म्हणणं आहे. यातलं काय मांडायचं, कसं मांडायचं, पाट्या कुठल्या भाषेत लिहायच्या? जिन्यावरून वर आल्यावर समोर दिसणाऱ्या भिंतीवर तलवारी लावाव्यात, असं बहुतेकांचं मत पडलं आहे.

मी सव्वीस वर्षं जुन्या वस्तूंची निगा राखण्याचं काम करते. बेळगाव, निपाणी, अथणी, खानापूर या पट्ट्यात अशा खोल्या उभ्या राहताना पाहिल्या आणि त्यातल्या काहींना चारपाच वर्षांत कुलूप लागलेलंही पाहिलं. म्हणून आधी समोरच्या भिंतीचं सांगते. तिथे तलवारी लावू नका, भांडी लावा.

का, ते एका घागरीवरून सांगते. खानापूरकडच्या एका घरात माळ्यावर तांब्याची घागर होती. नातवाने ती खाली काढली आणि मला दाखवण्याआधी चिंच लावून घासायला बसला. आजी आतून ओरडत आली, "काय करुलालास रे? माझ्या आईचं नाव हाय त्याच्यावर!" घागर हातात घेऊन उजेडाकडे तिरकी धरली तेव्हा दिसलं. गळ्याच्या खाली, खांद्याच्या फुगवट्यावर ठिपक्याठिपक्यांनी काढलेली एक ओळ होती. नाव घालणारा बारीक पोगर आणि हातोडी घेऊन बसतो आणि एकेक टिंब उठवत अक्षर काढतो, तसली ती टिंबं. नाव देवनागरीत, पुढे माहेरचं गाव, ते निपाणीजवळचं. शेवटी शक. दुसऱ्या बाजूला, बऱ्याच नंतर घातलेलं दुसरं नाव होतं, ते कन्नड अक्षरात. ते आजीच्या थोरल्या मुलाचं. वाटणीत घागर त्याच्याकडे गेली होती आणि भांडी भाड्याने देताना-घेताना ओळखू यावीत म्हणून त्याने बाजारात बसलेल्या माणसाकडून नाव घालून घेतलं होतं. तो माणूस कन्नड लिहिणारा, त्याने त्याच्या हाताला येत होतं तसं लिहिलं.

त्या दोन ओळींत काय काय आहे बघा. लग्नाचं साल, सोयरिकी कुठवर होत होत्या त्याचं अंतर, रुखवतात काय यायचं, वाटणी कशी झाली, आणि एकाच घरात दोन पिढ्यांच्या अंतराने दोन लिप्या कशा शेजारी येऊन बसल्या. हा लेखी पुरावा आहे, त्यावर तारीख आहे, आणि तो तुमच्याच गावातला आहे. तलवारीवर बहुधा यातलं काहीच नसतं.

ही गोष्ट मी इतकी ठासून सांगते याला कारण आहे. कामाला लागले त्या पहिल्या वर्षांत मी स्वतः एका तांब्याला लखलखीत चकाकी आणली होती. लिंबू, मीठ, भांडी घासायची पावडर, सगळं. संध्याकाळी तो उजेडात धरला तेव्हा त्यावरची ओळ अर्धी गेली होती. तांब्या देणारे गृहस्थ काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते नाव त्यांच्या आत्याचं होतं. ते आजही मला सलतं. तेव्हा तांब्यापितळेच्या वस्तूंना मऊ कोरडं सुती कापड, धूळ फारच असेल तर मऊ ब्रश, एवढंच. हिरवी भुकटी सुटत असेल तर ते भांडं वेगळं काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. काळपट रंग राहू दे.

आता मांडणीच्याही आधीचं काम. नोंदवही. पत्रात तुम्ही वस्तूंची यादी पाठवलीत, त्यात "घागर १", "घागर २", "जुनी घागर" असं लिहिलं आहे. कुणाच्या घरातून आली हे आज तुमच्यापैकी दोघांतिघांना तोंडपाठ आहे. दहा वर्षांनी ते कुणालाही सांगता येणार नाही. मी कुलूप लागलेल्या ज्या खोल्या म्हटल्या, तिथे बहुतेक ठिकाणी हेच झालं होतं. सांगणारा माणूस गेला आणि वस्तू मुक्या झाल्या.

जाड बांधीव वही घ्या, सुट्या पानांची नको. प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्या, तो परत कुणाला द्यायचा नाही. २०२५.१२.३ असा आकडा सोयीचा पडतो: २०२५ साली आलेली बारावी देणगी आणि त्यातली तिसरी वस्तू. आकडा वस्तूवर लिहायचा पण कायमचा खोदायचा नाही. धातूवर, लाकडावर, मातीच्या भांड्यावर न दिसणाऱ्या जागी पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा पारदर्शक पट्टा द्यायचा, वाळला की त्यावर शाईने आकडा, वर पुन्हा एक हात. ॲसिटोनने तो कधीही पुसता येतो. कापडाला सुती फितीवर आकडा लिहून ती फीत दोन टाक्यांनी शिवायची. कागदावर मऊ पेन्सिल, तीही मागच्या कोपऱ्यात. चिकटपट्टी, बॉलपेन, रंगाचा ब्रश यातलं काहीही नको.

वहीत लांबीरुंदी, वजन, कुठे फुटलंय, कुठे गंज आहे, हे तर लिहायचंच. पण देणाऱ्याला तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका: हे शेवटचं कुणी वापरलं, कुठे वापरलं, आणि घरात याला काय म्हणायचे. तिसरा प्रश्न आपल्या भागात फार मोलाचा आहे. पेरणीच्या अवजाराला पुस्तकात पाभर किंवा तिफण म्हणतात, आपल्याकडे बहुतेक जण कुरी म्हणतील. पाण्याच्या भांड्याला कुणी कळशी म्हणेल, कुणी बिंदगी. टोपलीला बुट्टी. यातले बरेच शब्द मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतून सारखेच फिरत आलेत. देणारी बाई जो शब्द बोलेल तो तिच्या उच्चारासकट लिहून घ्या, पुस्तकी शब्द नंतर कंसात घाला. जमलं तर फोनवर तिचा आवाजही घ्या, तिला विचारून. जात्याच्या बाबतीत तर हे कराच. जातं खोलीत ठेवायला सोपं आहे, पण त्यावर बसून ओव्या म्हणलेल्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. दगडाला घाई नाही. त्यांच्याकडे आधी जा.

वहीसोबत दानपत्र करा, एक पान पुरे. कायमची दिली की सांभाळायला दिली, कुणाच्या संमतीने दिली, सही, तारीख. एका भावाने दिलेली समई दुसऱ्या भावाने पोलिसांना घेऊन येऊन परत नेल्याचं मी पाहिलं आहे. संग्रहालयाची बाजू खरी होती, पण दाखवायला कागद नव्हता.

तलवारी आणि बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे या तीन वस्तूंबद्दल पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवून, त्यांचं लेखी उत्तर हातात आल्यावरच पुढचं ठरवा. तोवर त्या कुलपात राहू द्या. परवानगी मिळाली तरी पाटीवर काय लिहिणार? तुमच्या यादीत एका तलवारीपुढे "संगोळ्ळी रायण्णांच्या काळातील" असं आहे. इंग्रजांशी लढलेल्या रायण्णांना २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी दिली, आणि नंदगड तुमच्याच तालुक्यात आहे, त्यामुळे घराघरांत तशा आठवणी असणं स्वाभाविक आहे. पण आठवण आणि पुरावा पाटीवर वेगळे लिहावे लागतात. "ही तलवार त्या काळातली असल्याचं घरात सांगतात" एवढं लिहा, ते खरं आहे आणि त्या घराचा मानही राहतो. शिवाय कित्तूरचा इंग्रजांशी १८२४ चा लढा, राणी चन्नम्मा, इंग्रज अधिकारी थॅकरे मारला गेला तो २३ ऑक्टोबर, हे सगळं कित्तूरच्या किल्ल्यातल्या सरकारी संग्रहालयात बघायला मिळतं. कित्तूर तुमच्यापासून लांब नाही. तिथे आहे ते दोन खोल्यांत पुन्हा छोटं करून मांडण्यात तुमची जागा जाईल.

वीरगळ उचलू नका. हे मी विनंती म्हणून नाही, अगदी निक्षून सांगते. वीरगळ ज्या जागी उभा केला ती जागा त्याच्या अर्थाचा भाग असते: वेस, तळं, देऊळ, जिथे माणूस पडला ती पांद. तुमच्या फोटोत तळाच्या चौकटीत गुरं कोरलेली दिसतात. म्हणजे गुरं पळवून नेत असताना ती सोडवायला गेलेला कुणीतरी तिथे पडला. त्यावरच्या चौकटीत लढाई, त्यावर अप्सरा त्याला हाताला धरून नेतायत, सगळ्यात वर तो शिवपिंडीपुढे बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर याची कीर्ती राहो. खालून वर वाचायचा असतो. दगड झिजलाय म्हणून सकाळी सात-आठच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, दुपारी काहीच दिसणार नाही. तो मोठा फोटो माडीवर लावा, शेजारी चौकटी कशा वाचायच्या ते लिहा, आणि पोरांना खाली देवळामागे पाठवा. लोक त्यावर तेल-शेंदूर घालत असतील तर घालू द्या. कपडे धुवायला कुणी वापरत असेल तर मात्र पंचायतीला सांगून दोन फूट उंचीचं कठडं घालून घ्या.

कायदाही माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पं, नाणी, कोरीव वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुरावस्तू ठरतात. त्यातल्या काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. शेतात नांगरताना नाण्यांचं मडकं निघालं तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. कुणी असलं काही गुपचूप आणून दिलं तर घेऊ नका, त्यालाही अडचणीत आणाल आणि वाचनालयालाही.

वस्तू जागेवरून हलली की काय होतं याचं आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण कमल बस्तीचं आहे. बेळगावच्या किल्ल्यातलं ते जैन मंदिर रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमाराला बांधलं. त्या मंदिराला दिलेल्या जमिनींची दानं सांगणारे शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बेळगावचं वेणुग्राम हे जुनं नाव त्यांत आहे. बेळगावच्या शाळेतल्या मुलाला ते बघायचे तर लंडन गाठावं लागेल. तुमच्या तालुक्यातल्या हलशीचंही तसंच. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका, हे आपल्याला कळलं ते तिथे सापडलेल्या ताम्रपटांवरून. पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ तिथे अजून उभं आहे आणि त्यात पूजा चालू आहे. दुसऱ्या खोलीच्या एका भिंतीवर तालुक्याचा आणि आसपासचा नकाशा लावून हलशी, नंदगड, देगावचं कमल नारायणाचं देऊळ आणि तुमचे स्वतःचे वीरगळ, सतीशिळा दाखवा. प्रत्येक ठिकाणी एकेक फोटो आणि चार ओळी. मूळ वस्तू एकही न हलवता ही भिंत बोलेल.

आता ज्या वस्तूंवर मला मनापासून वेळ घालवावासा वाटतो त्या: मापं. तुमच्या यादीत त्या "डबे, लहानमोठे, ७" अशा लिहिल्या आहेत. फोटो मोठा करून बघितला, ती मापं आहेत. त्यातलं एक मापटं आहे असं मला वाटतं. काठ आतल्या बाजूने गुळगुळीत झालेला दिसतो, कारण धान्य भरल्यावर काठावरून पट्टी किंवा हात फिरवून सपाट करत. बाहेरून मात्र तोच काठ ठेचलेला आहे, कारण रिकामं करताना पोत्याच्या तोंडावर आपटत. तळाशी आणि कडेला तपासणीचे ठसे असतील तर ते भिंगातून बघा आणि अक्षरं, आकडे जसेच्या तसे वहीत उतरवा. सरकारी माणूस वेळोवेळी मापं तपासून ठसा मारायचा, त्यामुळे एका मापावर सालांची रांगच मिळू शकते.

कोष्टक गावातल्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारून पक्कं करा, सर्वसाधारण असं होतं: दोन नेळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पण शेर सगळीकडे सारखा नव्हता, बाजार बदलला की शेर बदलायचा. आपल्या भागात तर राज्यच चार कोसांवर बदलायचं. बेळगाव इंग्रजांचं आणि त्याला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं, १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना सरकार बदलायचं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८ पासून किलो-लिटर येऊ लागले, आणि ही सगळी मापं हळूहळू माळ्यावर गेली.

म्हणून ही सातही मापं चढत्या क्रमाने एका ठेंगण्या टेबलावर मांडा, काचेत नको. शेजारी परातीत भात ठेवा, सालासकट. पोरांना भरून बघू द्या की दोन चिपट्यांनी मापटं खरंच भरतं का. सगळ्यात झिजलेलं, ठसे असलेलं माप मात्र काचेत, आणि हाताळायला त्याच प्रकारचं दुसरं, जुन्या बाजारात मिळतं ते. मी जिथे जिथे हे टेबल मांडलं तिथे आजोबा नातवाला घेऊन त्याच टेबलाशी सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात. दोघांनाही तिथे काहीतरी करायला असतं.

गावच्या धंद्याला एक कोपरा हवाच, आणि तो दुसऱ्या गावात नसेल असा हवा. निपाणीला तंबाखू, अथणीला चपला, गोकाकला लाकडी फळं-खेळणी, शहापूर-वडगावला माग. अथणी-निपाणीकडे कोल्हापुरी चपला करणारी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हेही त्यात आले. तुमच्या खानापूरची ओळख मातीची. तिथली माती कौलांना, भांड्यांना इतकी चांगली की खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती कुंभारकाम संस्था खानापुरातच आहे. तरी तुमच्या यादीत कुंभाराची एकही वस्तू नाही. कुंभारवाड्यात जा. तयार माठ मागू नका. मडकं बाहेरून थोपटायची थापी मागा, आणि आतून आधार द्यायला धरतात तो गुळगुळीत गोळा. थापीची मूठ कुणाच्या हाताला झिजलीय ते त्यांना माहीत असेल. भट्टीत फुटलेलं, वाकडं झालेलं एखादं कौलही घ्या, छाप असलेलं.

कागदांची पेटी. ती आज, हे वाचून झाल्यावर लगेच जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा. मग उघडा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. उष्णतेने कागद आणि प्लास्टिक एकजीव होतं आणि आतला कागद पिवळा पडत जातो तो कुणालाच वाचवता येत नाही. माझ्यापर्यंत अशी लॅमिनेट केलेली सनद आली होती, तिच्यासाठी मी काहीच करू शकले नाही. एकेक कागद आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा, तसे कागद मिळेपर्यंत धुतलेलं, खळ काढलेलं पांढरं सुती कापड चालेल. प्रत्येकाचा फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. मांडायचा तो फोटो छापून, मूळ कागद पेटीतच. मूळच दाखवायचा हट्ट असेल तर दोनतीन महिन्यांत बदला आणि त्यावर पडणारा उजेड ५० लक्सच्या वर जाऊ देऊ नका. लक्स हे उजेडाचं माप, ते मोजायला फोनवरचं मोफत ॲप अंदाजापुरतं पुरतं. खिडकीसमोरची भिंत कागद आणि कापडासाठी बाद धरा. काचपेटीच्या आत दिवा नको. आत लावलेल्या ट्यूबलाइटने शहापुरी साडीचा वरचा पदर दोन वर्षांत विटला होता, घडीतला आतला भाग मात्र जांभळाच्या रंगाचा होता.

मोडी वाचणारे अजून आहेत, बेळगावात, कोल्हापुरात. फोटो पाठवून आधी फक्त तीन गोष्टी काढून घ्या: तारीख, गाव, कशाचा कागद. बहुतेक कागद कर्जरोखे, खरेदीखतं, वतनाचे वाद असे निघतील. नाराज होऊ नका. त्यातच शेतांची नावं, ओढ्यांची नावं, जी नकाशावर कुठेच नाहीत, ती मिळतात. शेजारच्या तालुक्यातल्या एका खतावणीत एका पानावर मोडीत नावं आणि समोर कन्नड आकड्यांत रक्कम असं मी पाहिलंय, लिहिणारा हात एकच. तसं पान सापडलं तर ते मोठं करून लावा.

पेटीतल्या वरच्या थरात छापील पत्रकं दिसतात, गुलाबी आणि पिवळ्या कागदावरची. ती सीमालढ्याची आहेत. हा स्वस्त कागद पेटीतला सगळ्यात नाजूक माल आहे, जुन्या हातकागदाच्या आधी हा तुटून जाईल. त्यांचे फोटो सगळ्यात आधी काढा. ती मांडायची का, हे तुम्ही थोडं चाचरत विचारलंत. मांडा. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि १७ जानेवारीला आपण अजून हुतात्म्यांना फुलं वाहतो. ज्या घरातले लोक तुरुंगात गेले त्या घराची ती पत्रकं आहेत आणि त्यांना गावच्या इतिहासात जागा हवी. पाटीवर मात्र पत्रक कधीचं, कुठे छापलं, त्यात काय मागणी होती, कुणी वाटलं, हे सरळ लिहा. घोषणा पत्रकातच आहे, ती पाटीवर पुन्हा नको. आणि त्याच भिंतीवर त्या गावातल्या कन्नड घरांतल्या त्याच वर्षांच्या वस्तूही असू द्या, शाळेचं प्रगतिपुस्तक, रेशनकार्ड. १९२४ च्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन, तिथे तुमच्या गावातून कुणी पायी गेलं असेल, तर तो बिल्ला किंवा ते सूतही इथेच.

पाट्यांचा प्रश्न यातच सुटतो. मराठी आणि कन्नड, दोन्ही सारख्याच आकारात. गावची अर्धी पोरं आज कन्नड शाळेत जातात. त्यांची आजी ज्या घागरीने पाणी भरायची ती घागर त्यांना वाचता आली पाहिजे. कन्नड मजकूर भाषांतराच्या ॲपवर टाकून काढू नका, गावातल्या कन्नड शिक्षकांना वस्तू दाखवून त्यांच्याकडून लिहून घ्या. ते दोनचार वस्तूंची नावं तुम्हाला नव्याने सांगतील. पाटी पन्नास शब्दांच्या आत, अक्षर हातभर अंतरावरून चष्मा न लावता वाचता येईल एवढं, आणि पहिलं वाक्य माणसाचं. "मोट. चामडी. विहिरीतून पाणी काढण्याचे साधन" ही पाटी कुठल्याही गावात चालेल. "ही मोट तळ्याकडच्या विहिरीवर चालायची. गावात वीज आल्यावर थांबली. बैलांमागे गाणी म्हणणाऱ्यांनीच ती इथे दिली" ही तुमचीच आहे.

मोटेवरून पावसाचं आठवलं. अथणीचा माणूस संग्रहालय करायला निघाला तर त्याला धुळीची काळजी, तुम्हाला बुरशीची. कणकुंबी-जांबोटीकडून येणारा पाऊस तुमच्या भिंती चार महिने ओल्या ठेवतो. कुठलीही वस्तू भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा, आणि जमिनीपासून वीतभर वर. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं चामडं आत घाम धरतं, ते आधी सोडा. मोटेत खळ काढलेल्या सुती कापडाचे बोळे भरून तिचा आकार धरा, तेल लावू नका. जुनी पद्धत म्हणून लोक खोबरेल चोपडतात, त्यावर बुरशी जास्त येते. कोरड्या दिवशी अकरा ते तीन खिडक्या उघडा, पावसाच्या दिवशी बंद. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका.

घोंगड्यांना कसर लागली आहे असं फोटोवरून वाटतं, कडेला भोकं आणि पांढरी भुकटी आहे. घोंगडं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड चिकटवा, आणि आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये उणे वीसवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरेल. मग उन्हात न टाकता सावलीत झटका. पिशवी प्लास्टिकची चालते ती तेवढ्या दिवसांपुरतीच.

सव्वाशेच्या सव्वाशे वस्तू मांडायच्या नाहीत. चाळीस मांडा, बाकीच्या नीट ठेवा आणि दर दिवाळीला काही बदला. विकत आणलेल्या प्लास्टरच्या मूर्ती आणि किल्ल्यांच्या प्रतिकृती कुणी भेट दिल्या तर नम्रपणे वाचनालयात ठेवा, माडीवर नको.

मी दिवाळीनंतर खानापूरला येणार आहे. तोवर खोल्यांना रंग देऊ नका, भिंतींची ओल बघायची आहे. पेटी टेबलावर, घोंगडी फ्रीझरमध्ये आणि पहिल्या पंचवीस वस्तूंच्या नोंदी वहीत, एवढं करून ठेवा. पंचवीसमधली पहिली ती बिंदगी घ्या जी तुमच्या यादीत "पितळी भांडे, चेपलेले" म्हणून आहे. तिच्या खांद्यावर फोटोत काहीतरी ठिपके दिसतायत. कुणी घासायच्या आत ते वाचा.